मेनस्विचची माळ

माझ्या थोरल्या बहिणीच्या नवऱ्याला त्यांच्या इमारतीत सगळे 'मेनस्विच' म्हणतात. तोंडावर सहसा नाही म्हणत, पण त्यांना ठाऊक आहे, आणि त्यात त्यांना थोडा मानही वाटतो असा माझा दाट संशय आहे. मी त्यांना भावोजी म्हणते. आमची इमारत त्यांच्या बरोबर समोर, मध्ये फक्त रस्ता. त्यामुळे त्यांच्या घरातला उजेड, खरं म्हणजे उजेड नसणं, मी माझ्या गॅलरीतून वर्षानुवर्षं बघत आले आहे.

भावोजी निवृत्त होईपर्यंत वीज कंपनीकडून मीटर वाचायला जात. लोकांच्या जिन्याखाली, बोळकांडीत, मोडक्या सायकलींच्या मागे दडलेले मीटर शोधायचे, बॅटरी मारून आकडा बघायचा, बॅटरी विझवायची आणि मग आकडा लिहायचा. लिहायला कशाला उजेड हवा, हाताला सवय असते, असं त्यांचं म्हणणं. या कामात लोकांची घरं आतून दिसायची. माणूस एका खोलीत आणि दिवे सगळ्या खोल्यांत. रिकाम्या खुर्चीला पंखा वारा घालतोय. टीव्ही भिंतीशी बोलतोय. भावोजींना ते बघवायचं नाही, पण बोलायची सोय नव्हती. वीज जास्त जळली तर कंपनीचा फायदाच होता. दिवसभर जे गिळलं ते संध्याकाळी घरी येऊन बाहेर पडायचं.

घरात त्यांची एक पद्धत होती. खोलीच्या दारात यायचं, थांबायचं, जरासा विचार करायचा आणि बटण दाबायचं. टक्. या दिव्याची इथं कुणाला खरोखर गरज आहे का, याचा ते अगदी प्रामाणिकपणे विचार करत. निकाल मात्र कायम एकच लागे. न्हाणीघरात कुणी आहे का याची चौकशीसुद्धा ते दिवा विझवून करत. आतून ओरडा आला की परत लावत आणि म्हणत, "आहात होय? मग ठीक आहे."

फ्रिजचं दार लावल्यावर आतला दिवा विझतो, यावर त्यांचा विश्वास बसायला बराच काळ गेला. कंपनीनं सांगितलं म्हणून मानायचं का? दार हळूहळू ओढत, फटीला डोळा लावून ते उभे राहत. ताई म्हणायची, "आत जाऊन बसा एकदाचे, म्हणजे शंका फिटेल."

त्यांना कंजूष म्हणणाऱ्याशी मी भांडेन. मुलीच्या शिक्षणात किंवा ताईच्या दुखण्याखुपण्यात त्यांनी कधी हात आखडता घेतला नाही. माझ्या घरी येताना भारीतली फळं आणतात. मी त्यांच्या घरी गेले तरी तीच फळं पुढे येतात, फक्त अंधारात बसून खावी लागतात. प्रश्न पैशाचा नव्हता. त्यांचा एक आवडता शब्द होता, 'उगाच'. जगातल्या सगळ्या पापांची नावं त्या एका शब्दात मावत.

आणि अशा माणसाच्या पदरात माझी ताई पडली, जिला लहानपणापासून दिव्याखाली बसल्याशिवाय जेवण गोड लागत नाही.

ताई भांडणारी नाही. ती सोसून घेते, आणि सोसलेलं विसरत नाही. सणासुदीच्या सुट्ट्यांचे दिवस आले की आमच्या रस्त्यावरच्या सगळ्या गॅलऱ्यांत दिव्यांच्या माळा लागतात. ताई दरवर्षी खिडकीशी उभी राहून म्हणायची, "किती छान दिसतंय नाही?" मागून भावोजी म्हणायचे, "उगाच." एका वर्षी तिनं हिंमत करून एक माळ विकत आणली. स्टुलावर चढून त्यांनी माळ व्यवस्थित लावून दिली, गाठीसुद्धा सुबक मारल्या. दिवे लागले. आम्ही सगळ्यांनी गॅलरीत उभं राहून चहा घेतला. कप रिकामे झाले तसं भावोजींनी विचारलं, "बघून झालं ना सगळ्यांचं?" टक्. ती माळ त्यानंतर माळ्यावर गेली. तिथं ती उंदरांना आवडली.

ताईच्या मुलीचं, म्हणजे माझ्या भाचीचं, बाळंतपण आलं तेव्हा ताई तिच्याकडे राहायला गेली, शहराच्या दुसऱ्या टोकाला. बाळंतपण पार पडलं. बाळ पालथं पडलं, रांगलं, भिंतीला धरून उभं राहिलं, तरी ताईचा परत यायचा पत्ता नाही. आधी बाळाचे दात आडवे आले, मग खोकला आला, मग भाचीची नोकरी सुरू झाली. भावोजी स्वतःचा स्वयंपाक स्वतः करत होते आणि कुणी विचारलं की "येईल, काम संपलं की येईल" म्हणत होते. कामं कधी संपतात का?

शेवटी मी फोनवर ताईला सरळ विचारलं, "तू येणार आहेस की नाही?"

ती मग म्हणाली, "इथं प्रत्येक खोलीत दिवा आहे गं."

"तुझ्या घरीही आहे."

"इथला लागलेला असतो." आणि मग हळूच, "संध्याकाळी त्या घरात परत शिरायचं मनात आणलं ना, की छातीवर कुणी उशी ठेवल्यासारखं होतं. त्यांना सांगू नकोस. वाईट वाटेल."

मी अर्थातच सांगितलं. बहिणीनं सांगू नकोस म्हटलेलं कुठलं सांगायचं आणि कुठलं नाही, एवढं मला कळतं. समोरच्या घरी गेले, अंधारात चाचपडत खुर्ची शोधली आणि म्हटलं, "भावोजी, ताई बाळासाठी थांबलेली नाही. ती तुमच्या अंधाराला कंटाळली आहे. अशानं ती यायची नाही."

भावोजी म्हणाले, "बटणं आहेत की. हवा तेव्हा लावावा दिवा. मी कुठं अडवलंय?"

"लावल्यावर विझवतं कोण?"

त्यांचा चेहरा कसा झाला ते मी सांगू शकत नाही. दिसत नव्हता.

सुट्ट्या तोंडावर आल्या होत्या. एका सकाळी भावोजी आमच्या घरी आले आणि गॅलरीत जाऊन उभे राहिले. आमच्या ह्यांनी लावलेली दिव्यांची माळ ऊन पडलं तरी तशीच जळत होती. ती विझवायची असते हे ह्यांच्या लक्षात राहत नाही. भावोजींनी माळेकडे बघितलं, सूर्याकडे बघितलं, आणि ह्यांच्याकडे बघितलं.

"साडूभाऊ, बाजारात माळ मिळते. अक्कल मिळत नाही."

"मग तुम्ही तयार करा अकलेची," हे पेपरातून डोकं न काढता म्हणाले.

आमच्या ह्यांच्या तोंडून निघालेला आणि कुणी मनावर घेतलेला हा पहिलाच शब्द असेल.

भावोजी सुट्या भागांच्या दुकानात गेले. मला बरोबर नेलं, का ते दुकानात गेल्यावर कळलं. काउंटरवर एक बाई बसतात, आणि गिऱ्हाईक काय बनवणार आहे हे पहिल्यांदा विचारतात. भावोजींना 'बायकोसाठी दिव्यांची माळ' हे सहा महिन्यांच्या बाळाला भूगोल शिकवण्याइतकं अवघड वाटलं. ते मी सांगायचं होतं. मी सांगितलं.

"अगं बाई! मग लुकलुकणारी करा," त्या म्हणाल्या. "सगळे लुकलुकणारीच नेतात."

"लुकलुक नको," भावोजी म्हणाले. "अंधार पडला की आपोआप लागणारी. उजेड झाला की आपोआप विझणारी. माणसावर अवलंबून ठेवायचं नाही."

बाईंनी पुड्या बांधून दिल्या. पांढरे बारके एलईडी, कागदाच्या पट्टीवर चिकटलेले रेझिस्टर, तीन पायांचा ट्रान्झिस्टर, आणि मसुराच्या डाळीपेक्षा जरा मोठा, वरून नागमोडी रेघ असलेला एक डोळा. या डोळ्याला उजेड-अंधार कळतो. रिले मात्र भावोजींनी विकत घेतला नाही. घरातल्या जुन्या स्टॅबिलायझरमधून काढता येईल, नवा कशाला, उगाच. रिले म्हणजे आपोआप दाबलं जाणारं बटण. त्याला वीज मिळाली की ते लागतं, गेली की सुटतं, आणि दोन्ही वेळा टक् वाजतं.

त्यानंतर एका दुपारी मी गॅलरीत कपडे वाळत घालत होते. समोर बघितलं आणि माझ्या हातातला टॉवेल खाली पडला. भावोजींच्या खोलीत दिवा लागला होता. नुसता दिवा नाही, ट्यूबलाइट, आणि वर टेबललॅम्प. भर दुपारी. माझ्या मनात नको नको ते आलं. पायात दोन वेगवेगळ्या चपला घालून मी धावत रस्ता ओलांडला, जिने चढले आणि दार बडवलं.

भावोजींनी दार उघडलं. कपाळावर घाम, हातात सोल्डरिंगची तापलेली सळई.

"काय झालं?" त्यांनीच मला विचारलं.

"दिवे लागलेत तुमच्याकडे!"

"सोल्डरिंग करतोय. दिसायला नको?" ते चिडून म्हणाले. अंधारात मीटरचे आकडे लिहिणाऱ्या हाताला एलईडीच्या पायांनी गुडघे टेकायला लावले होते.

टेबलावर पुठ्ठा, पुठ्ठ्यावर भोकांची पट्टी, आणि एका वाटीत ते एलईडी. भावोजी नीटनेटके, त्यामुळे एलईडीचा एक पाय लांब आणि एक आखूड हे त्यांच्या डोळ्यांना खुपलं. त्यांनी बसून सगळ्यांचे पाय कात्रीनं सारखे करून ठेवले. सगळी वाटी संपल्यावर त्यांना पुड्यांबरोबरच्या चिठ्ठीवर दुकानातल्या बाईंनी लिहिलेलं आठवलं, की लांब पाय अधिकचा आणि आखूड उणेचा. आता एकेक एलईडी बॅटरीच्या सेलला असा नि तसा लावून, उजळला की त्याच्या त्या पायाला नखरंगाचा ठिपका देणं चाललं होतं. नखरंग ताईचा होता, वाळत आलेला. बाटलीत थिनर घालून त्यांनी तो जिवंत केला होता.

मी खुर्ची ओढून ठिपके द्यायला बसले. म्हटलं, "ताई नसताना तिच्या कपाटात हात घालता?"

"विचारून घातला असता. पण विचारायला फोन करायचा, आणि फोन केला की ती विचारणार कशाला हवाय," भावोजी म्हणाले. मग जरा वेळानं, एलईडीकडेच बघत, "तुला काय वाटतं, येईल?"

मी म्हटलं, "माळ लागलेली राहिली, तर."

ते मान डोलावत राहिले. माळ लागेल, एवढंच त्यांनी मनात धरलं होतं. लागलेली राहणं ही निराळी गोष्ट होती.

माळ तयार झाली तेव्हा त्यांनी मला आणि ह्यांना बोलावून प्रयोग दाखवला. तो डोळा एका छोट्या डबीत बसवला होता. उघड्यावर ठेवला की माळ बंद. भावोजींनी त्यावर तळहात ठेवला. काही होईना. हे खोकले. तेवढ्यात डबीतून टक् आवाज आला आणि टेबलभर पांढरे दिवे फुलले. हात काढला, जरा वेळ गेला, टक्, विझले.

"हे असं थांबून का करतंय?" मी विचारलं.

"मुद्दाम. एक कपॅसिटर जास्तीचा घातलाय. रस्त्यावरून गाडी गेली, तिचा झोत पडला, की लगेच फसायला नको. आधी थांबून विचार करायचा. गरज आहे का, नाही का. मग निर्णय."

मी आणि ह्यांनी एकमेकांकडे बघितलं. आम्ही दोघांनीही हे यंत्र आधी कुठंतरी बघितलेलं होतं.

माळ गॅलरीत चढवताना भावोजींनी डबी कठड्याच्या बरोबर मध्यभागी, माळेच्या कुशीत, आतल्या बाजूला तोंड करून बसवली. कारण विचारलं तर म्हणाले, "गॅलरीतच आधी उजेड असेल तर माळ कशाला? डोळा जिथला उजेड मोजायचा तिथंच हवा." इतकं बिनतोड होतं की आम्ही पुढं काही विचारलं नाही.

मग त्यांनी आपण होऊन ताईला फोन केला. मी तिथंच होते. भाषण असं झालं: "हं. मी. गॅलरीचं काम केलंय. येऊन बघून जा." फोन बंद.

पाठोपाठ मला ताईचा फोन. "बघून जा म्हणाले. ऐकलंस? ये नाही म्हणाले. बघून जा."

"बघायला तर ये."

"बघते आणि जाते," ताई म्हणाली.

ती आली भाचीबरोबर, संध्याकाळच्या आत. आधी आमच्याचकडे. मी तिच्या हाताकडे बघितलं. एक पर्स, आणि बाळाचा स्वेटर विणायची पिशवी. बस्स. कपड्यांची बॅग नाही. भाचीनं माझी नजर ओळखली आणि खांदे उडवले. "मावशी, मी बॅग भरते म्हटलं होतं. आई नको म्हणाली."

माळ समोरून छान दिसेल म्हणून आम्ही सगळे आमच्या गॅलरीत उभे राहिलो. भावोजी त्यांच्या गॅलरीत, इस्त्रीचा शर्ट घालून, माळेशेजारी हात मागे बांधून. मागं घरात अर्थातच काळोख. आजूबाजूच्या गॅलऱ्या एकेक करून उजळत गेल्या. आपली माळ अजून वाट बघत होती. बरोबरच होतं, ती विचार करत होती.

आणि माळ लागली. पांढरीशुभ्र, शांत, कुठंही लुकलुक नाही. भावोजींनी एलईडी इतक्या सारख्या अंतरावर बसवले होते की वहीतल्या रेघेसारखी सरळ ओळ. ताईनं कठडा धरला. "अगं," ती म्हणाली, आणि पुढं काही म्हणणार एवढ्यात माळ विझली.

भावोजी दचकून वळले. माळ परत लागली. ते हसले, आमच्याकडे बघून हात केला. माळ विझली.

आमच्या ह्यांना कधी नव्हे ते झटकन कळलं. "साडूभाऊंनी डोळा माळेतच बसवलाय. अंधार पडतो म्हणून माळ लागते. माळ लागली की डोळ्याला वाटतं उजाडलं, म्हणून विझवतो. विझली की परत अंधार. हे आता सकाळपर्यंत असंच."

ताईनं ह्यांच्याकडे बघितलं, मग समोर. दिवा लागायचा, जरा वेळ जायचा, कुणीतरी दारात उभं राहून विचार करावा तसा, आणि विझायचा. खालून कुणीतरी ओरडलं, "वा मेनस्विच! फॅन्सी केलीत हो!" रस्त्यावर टाळ्या पडल्या. सगळ्यांना वाटलं ती कलाकुसर आहे.

"बाई गं," ताई म्हणाली, "हे तर तेच आहेत." आणि ती हसायला लागली. सावकाश सुरू झालेलं ते हसू थांबेना. डोळ्यांतून पाणी आलं, भाचीनं तिला पाठीवर थोपटलं. पण मला त्या हसण्याची भीती वाटली. काही गोष्टी माणूस हसून कायमच्या संपवतो. तिनं पर्स खांद्याला लावली. "चल," ती भाचीला म्हणाली, "बघून झालं."

मी समोर बघितलं. माळ लागली होती, आणि या वेळी विझत नव्हती.

भावोजी वाकून उभे होते. इस्त्रीच्या शर्टाची बाही दिव्यांत अडकली होती आणि त्यांनी त्या डबीवर तळहात घट्ट दाबून धरला होता. डोळ्याला उजेड दिसू नये म्हणून. एक मोटारसायकल गेली, टाळ्या वाजवणारे पांगले, ते हललेच नाहीत. आयुष्यभर ज्या हातानं दिवे विझवले तो हात दिवा लावून धरत होता, आणि कमरेतून वाकल्यानं त्यांना ते चांगलंच जड जात होतं.

ताई जिना उतरली. मला वाटलं रिक्षाकडे जाईल. तिनं रस्ता ओलांडला. आम्ही मागोमाग.

वर गेलो तर दार उघडंच होतं. काळोखातून चाचपडत आम्ही गॅलरीशी पोचलो. भावोजी मान वळवून म्हणाले, "हात काढला की विझतं. पण मी धरतो. तू बस."

"किती वेळ धरणार?"

"बघ की तू निवांत."

"अहो, कमरेत उसण भरेल. सरका, मी धरते," ताई म्हणाली. तिनं आपला तळहात त्यांच्या हातावर ठेवला, त्यांनी आपला खालून हळूच काढून घेतला. माळ लागलेलीच राहिली. "आता उभे काय राहिलात? आतला दिवा लावा. माणसं आलीत घरात, एकमेकांना धडकताहेत."

भावोजी दाराशी गेले. थांबले. सवयीनं क्षणभर विचार केला. मग टक्. आतली खोली उजळली. टेबलावर अजून एलईडीच्या कापलेल्या पायांचा ढीग होता आणि शेजारी नखरंगाची बाटली. ताईनं ती ओळखली.

"हा माझा आहे."

"वाळला होता," भावोजी म्हणाले.

ताईनं डबीवरून हात काढला आणि आत आली. खोलीतला उजेड गॅलरीत पसरला होता. डोळ्यानं तो बघितला, थोडा विचार केला, आणि टक् करून माळ विझवली. आम्ही वाट बघितली. परत लागली नाही. खोलीत दिवा असेपर्यंत ती लागणारच नव्हती.

भावोजींचा चेहरा पडला. "आतला बंद करतो," ते म्हणाले.

"हात लावून बघा त्या बटणाला," ताई म्हणाली आणि दिव्याखालच्या खुर्चीत बसली. विणकामाची पिशवी उघडली, सुया काढल्या. मग मला म्हणाली, "तुझ्याकडे जास्तीचा गाऊन आहे का गं? माझा एकही कपडा नाहीये इथं."

भाची म्हणाली, "उद्या बॅग आणून देते." तिच्या आवाजात जरा जास्तच उत्साह होता. आईला सांभाळणं हेही काम असतं, ते मी समजू शकते.

दुसऱ्या दिवशी हे भावोजींना म्हणाले, "साडूभाऊ, डबी नुसती फिरवा. तोंड रस्त्याकडे करा. म्हणजे माळही लागेल आणि आतला दिवाही."

"मला कळत नाही का?" भावोजी म्हणाले. "पण दोन्ही एकदम कशाला? उगाच."

तेव्हा माणूस बदलला वगैरे कुणी समजू नये. सगळ्या सुट्ट्यांत आमच्या रस्त्यावर त्यांची एकच गॅलरी अंधारी होती. इमारतीतले लोक अजून सांगतात, की मेनस्विचनं इतक्या हौसेनं माळ केली, एक संध्याकाळ लोकांना दाखवली आणि लगेच बंद केली, सवय जाईल का मेली. मी त्यांना काही समजावत नाही. ते खालून बघतात, त्यांना गॅलरीच दिसते. माझ्या गॅलरीतून आतली खोली दिसते. तिथं ट्यूबलाइटखाली ताई विणत असते, आणि भावोजी दारापर्यंत येतात, थांबतात, विचार करतात, आणि परत जातात.